कापड ओळखणारी बोटं

गांधीबागेतल्या ठोक कापडाच्या दुकानात मी एकतीस वर्षे काम करतो आहे. आमच्याकडे छापील लेबलावर कुणी विसंबत नाही. कापडाचा कोपरा अंगठा आणि तर्जनी यांत धरायचा, डोळे मिटायचे आणि सुती की मिश्र ते सांगायचे. गेल्या उन्हाळ्यात काटोलच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला मी असेच सांगितले, "शुद्ध सुती." त्याने स्वतः चोळून पाहिले.

"काहून भाऊ, बोटं घरी ठेवून आले का? अर्धं पॉलिस्टर आहे याच्यात."

सगळे हसले, मीही हसलो. गिऱ्हाईक गेल्यावर मी तोच कोपरा पुन्हा चोळला; बोटांना काहीच कळले नाही.

दुकानात लागल्यावर दुसऱ्याच वर्षी मला कुष्ठरोग झाला होता. गोळ्यांची पाकिटे मी एकही दिवस न चुकवता संपवली. त्या गोळ्यांनी कातडी काळवंडली तेव्हा उन्हाचे निमित्त सांगितले. पुढे पत्नीशिवाय कुणाला कळू दिले नाही. शेवटच्या पाकिटाच्या वेळी डॉक्टरांनी बजावले होते, "बरे झालात. क्वचित कुणाला वर्षांनंतर पुन्हा होतो. चट्टा किंवा बधिरपणा जाणवला की लगेच या."

मी लगेच गेलो नाही. दसऱ्यापर्यंत पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून हिंडलो, कारण मला एक कप आठवत होता.

माझे उपचार संपल्यावर चार-पाच वर्षांनी दुकानात वयाने मोठे एक विक्रेते आले. मी त्यांना दादा म्हणत असे. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे आखडलेली होती. ती कशाने, हे त्यांनी न विचारताच सांगितले; औषध पूर्ण झाले आहे, आता कुणाला धोका नाही, हेही सांगितले. इतर जण आपापल्या कामाला लागले. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे हे ठाऊक असलेला मी मात्र मालकांना बाजूला घेऊन म्हणालो, "निदान चहाचा कप वेगळा ठेवू." कान तुटलेला कप मीच शोधला आणि मागच्या नळापाशी ठेवला. माझ्याकडे कुणाची नजर वळू नये, एवढ्यासाठी. दादांनी तो कप आठ महिने धुतला, मग काम सोडले. आजही तो नळ आठवला की मला स्वतःची किळस येते.

दसऱ्यानंतर गेलो तेव्हा धंतोलीतल्या दवाखान्यात डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "डोळे मिटा. कापूस लागला की सांगा."

मी वाट पाहत बसलो. शेवटी म्हणालो, "लावा ना."

"तीनदा लावून झाला."

कानाच्या पाळीतून घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडले. आजार परतला होता. "गोळ्यांनी तो बरा होईल," बाई म्हणाल्या, "बोटांची जाण परत येईल का, ते सांगता येत नाही. सहा महिने आधी यायला हवं होतं. घरच्यांना तपासायला आणा. अन् भांडी वेगळी करू नका, गरज नाही."

पत्नीची तपासणी झाली; तिला काही नव्हते. त्यानंतरच्या रविवारी मी मालकांकडून पत्ता घेऊन प्रताप नगरला दादांच्या मुलाच्या घरी गेलो. दादाच दारात आले.

"बसा. चहा घेता ना आमच्या घरचा?"

मी दोन्ही वेळच्या आजाराचे सांगितले, मग कपाचे. त्यांच्या चेहऱ्यावर किळस होती आणि ती आजाराची नव्हती.

"मले वाटे, याले समजत नाही म्हणून करते. तुले तर समजत होतं."

त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याचे टोक माझ्या बोटांत दिले. "डोळे मीट. सांग, काय आहे?"

मी खूप वेळ चोळत राहिलो. मला सांगता आले नाही.

"पाकिटं पुरी घेजो," ते म्हणाले आणि दुपट्टा सोडवून घेतला. चहाचे त्यांनी पुन्हा विचारले नाही.