उतरती पट्टी

इंझोरीच्या देवमनची गायन पार्टी म्हणजे नवरा-बायकोचा कारभार. तो व्हायोलिन वाजवायचा, रुख्मिणी गायची. पेटीवाला आला तर आला. रुख्मिणी छातीच्या दुखण्यानं गेली आणि पार्टी म्हणून एकटा देवमन उरला.

अठ्ठ्याहत्तरच्या भीमजयंतीआधी मंडळाच्या जगदेवनं साफ सांगितलं, "एकट्याचं व्हायोलिन कोन आयकते? औंदा रेकार्डीच लावू."

देवमनला ते झोंबलं. रुख्मिणीचं गाणं गावानं विसरावं, हे त्याच्यानं सोसवेना. त्यानं कारंज्याहून जुना टेपरेकॉर्डर आणला. पेटीनं धरायचा तो सूर आधी व्हायोलिनवर वाजवून टेप करायचा, मग टेप लावून त्यावर रुख्मिणीची चाल वाजवायची. एकटा देवमन दोघांसारखा वाजू लागला. जगदेवही नरमला. "घे मंग एक गानं," म्हणाला.

सराव इतका झाला की सेल उतरले. नवे आणायचे सोडून या शहाण्यानं तेच छपराच्या टिनावर उन्हात ठेवले. टॉर्चचे सेल सारं गाव असेच तापवून वापरी, आणि चैत्राचं ऊन काय थोडंथोडकं असतं!

संध्याकाळी मंडपात पहिलं कडवं झकास झालं. दुसऱ्यात टेप मंदावला, सूर खाली घसरू लागला. देवमनची बोटं त्याच्यामागे उतरत गेली आणि मग हात आपसूक खुंटीवर गेला. शेवटच्या वर्षी तो हेच करायचा. रुख्मिणीचा आवाज बसत चालला, तसा तो तारा गुपचूप सैल करून पट्टी उतरवायचा. आपला आवाज चाललाय, हे तिला कळू नये एवढाच त्याचा आटापिटा. आता मंडपात पोरं फिदीफिदी हसत होती. टेप म्हशीसारखा हंबरला आणि बंद पडला. जगदेवनं लगेच रेकॉर्ड लावली.

मंडपामागे देवमन धाय मोकलून रडला. सासू भागिरथा त्याच्याजवळ येऊन टेकली.

"शेवटी शेवटी रुख्मिणी असंच गाये ना, जवाईबापू?"

"तिले मालूम नव्हतं, मामी. मी चोरून तारा उतरवो."

भागिरथा म्हणाली, "सारं मालूम होतं तिले. मले म्हने, माय, त्यायले सांगू नोको. त्यायले वाटू दे, मले समजत नाई."