शेजारच्या सीटचा ब्रेक

दातांच्या लॅबमधला कवळीवाला म्हणजे बसल्या जागी चुळबुळणारा माणूस. बसला की गुडघा हलतो, उभा राहिला की खिशातल्या किल्ल्या वाजतात, आणि कुणी गंभीरपणे काही सांगायला लागलं तर याचं सगळं लक्ष त्याच्या शर्टाच्या सैल बटणावर. लहानपणी त्याच्या ताईने त्याचं नाव चुळबुळ्या ठेवलं, ते पन्नाशी जवळ आली तरी सुटलं नाही. असल्या माणसाने निदान बारीक कामाच्या वाटेला तरी जाऊ नये. पण हा दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवतो, आणि घरी आला की मोटारी.

खऱ्या नव्हेत. खऱ्या मोटारीच्या चोविसाव्या हिश्शाच्या, तळहातावर मावतील अशा. प्लॅस्टिकचे सुटे भाग डब्यात मिळतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. पण डब्यावरच्या चित्रासारखी गाडी केली तर तो कवळीवाला कसला! एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात बसत नाही, तशी एकाची गाडीही दुसऱ्याची नसते, असं त्याचं म्हणणं. कुणाच्या गाडीचं दार चेपलेलं असतं, कुणाच्या सीटची शिवण उसवलेली असते. ती उसवलेली शिवण दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, आणि खरं सांगायचं तर दाखवल्यावरही पडत नाही.

कारण गाडी पुरी करणं त्याच्या जिवावर येतं. काचा बसवून वरचं धड खालच्या तळाला चिकटवलं की आत हात जात नाही. मग आत जे चुकलं ते कायमचं चुकलं. म्हणून तो चिकटवतच नाही. कपाटात बिनकाचांच्या गाड्यांची रांग लागली आहे, एकेकीचं झाकण उचलून हा अजून आत काहीतरी टोकरत असतो. "आरंभशूर," ताई म्हणते. बायकोचं दुखणं वेगळंच. "घरात गाड्यांचा ताफा," ती म्हणते, "आणि आपण दोघं बसस्टॉपवर." कारण या माणसाला खरी गाडी चालवता येत नाही.

आणि ताईने तर अर्ध्या शहराला गाडी शिकवलेली! आई गेल्यावर तिनेच याला लहानाचा मोठा केला आणि पोट भरायला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागली, ती आजतागायत. शाळेच्या गाडीत शेजारच्या सीटखाली जास्तीचा ब्रेक आणि क्लच असतो. शिकाऊ माणूस चुकला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. पायाला ब्रेक नीट कळावा म्हणून ताई पातळ तळाचे कापडी बूट घालायची, आणि ती कुठेही गेली तरी तो पाय स्वस्थ बसायचा नाही. बसमध्ये बसली तरी पुढच्या वळणावर पाय फरशीवर दाबायची. घरी टीव्हीवर एखादी गाडी जोरात निघाली, की सोफ्यासमोरची सतरंजी चुरगळलीच समजा. चुळबुळ घराण्यातलीच, फक्त हिची पायात होती.

सख्ख्या भावालाही तिने एकदा शिकवायला बसवलं होतं. तेव्हा तो कॉलेजात होता. गारठ्याची सकाळ, खिडक्या बंद, आणि हा असा घाबरलेला की धापा टाकून टाकून समोरची काच आतून पांढरी झाली. चौकात गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा कालवा. ताई म्हणाली, "काच खाली कर. आधी श्वास घे." याने काच खाली करायच्या ऐवजी दार उघडलं, भर चौकात खाली उतरला आणि चालत घरी गेला. पुढे प्रत्येक बारशाला, लग्नाला ताईने हा किस्सा सांगितला. सगळे पोट धरून हसायचे आणि हाही हसायचा. पण त्यानंतर तो चालकाच्या सीटवर कधी बसला नाही, आणि ताईनेही कधी बस म्हटलं नाही. त्या न म्हणण्याचंच त्याला जास्त लागलं होतं.

आता ताई निवृत्त होणार होती, आणि तिच्याबरोबर ती गाडीही. शाळेने नवी गाडी घेतली होती, जुनी सोमवारी विकायची ठरली होती. रविवारी संध्याकाळी शाळेतच छोटासा निरोप समारंभ होता. कवळीवाल्याने मनाशी ठरवलं, ताईला तिचीच गाडी करून द्यायची. आणि पुरी करून द्यायची. आयुष्यात एकदा तरी तिच्या हातात अशी गोष्ट ठेवायची, की तिला आरंभशूर म्हणता येणार नाही.

केलीही त्याने मन लावून. टपावरची 'शिकाऊ' पाटी, जास्तीचा आरसा, मागचा चेपलेला बंपर. रंग नवा लावून मग उन्हाने विटल्यासारखा पुसून काढला. डॅशबोर्डवर ताईचा घडी घातलेला रुमाल ठेवला, तो चिमट्याने ठेवताना तीनदा उडाला. फक्त शेजारच्या सीटपुढचा ब्रेक आणि क्लच मनासारखे होईनात. कवळी दातात अडकवायला जो आकडा असतो, त्याच्या तारेचे त्याने ते वळले, मोडले, पुन्हा वळले. अखेर जमले, तेव्हा गोळ्यांच्या रिकाम्या डबीत जपून ठेवले, सगळ्यात शेवटी बसवायचे म्हणून.

आणि तिथेच माशी शिंकली. शनिवारी ताईचा फोन आला. "काय रे चुळबुळ्या, उद्या काहीतरी आणतोयस म्हणे? अर्धं आणू नकोस हं." ती हसत होती, पण हा इरेला पेटला. फोन ठेवला, काचा बसवल्या, धड तळावर ठेवलं, चिकटवलं, वरून सांध्याला रंग दिला. झाली! पुरी झाली! बायकोला हाक मारली, ती ओल्या हातांनी बघायला आली, म्हणाली, "अगंबाई, खरंच संपवलीत की." त्या रात्री त्याचा गुडघाही हलला नाही म्हणतात. शांत झोपला.

रविवारी दुपारी धुतलेला शर्ट अंगात घालताना त्याने टेबलावरची गोळ्यांची डबी बाजूला सरकवली. डबी खडखडली.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. उघडून बघायचीही गरज नव्हती, तरी उघडून पाहिली. ब्रेक आणि क्लच, दोन्ही आपले आत, एकमेकांत अडकून पडलेले.

"अहो, पण आत कोण वाकून बघणार आहे?" बायको म्हणाली. "इतकी सुंदर झालीय. न्या तशीच."

"ताई बघेल."

"नाही बघणार. आणि बघितलं तर सांगा की राहिलं म्हणून."

"राहिलं!" तो खोलीत गरागरा फिरायला लागला. "तेच तर ती आयुष्यभर म्हणतेय! सगळं केलं, रुमाल केला, बंपर केला, आणि तिचा पायच विसरलो. ब्रेक नाही तर ती तिची गाडी कशी? कुणाचीही आहे मग."

"आणि कापताना फुटली तर?"

फुटली तर हात हलवत जायचं, आणि तेही आजच्या दिवशी. तशीच नेली तर पुरी गाडी न्यायची, पण पोकळ. तो खिडकीपाशी गेला, परत आला, पुन्हा गेला. शर्टाची बटणं लावली, काढली. बायकोने चहा ठेवला तो तसाच निवला. शेवटी ती वैतागून म्हणाली, "एक काय ते करा, मला गरगरायला लागलंय तुमच्याकडे बघून."

त्याने पातं उचललं. कालचा रंगवलेला सांधा उलट्या बाजूने, जराजरा करत कापत नेला. काडकन आवाज झाला तेव्हा दोघांनीही डोळे मिटले. पण धड शाबूत होतं, तळ सुटून हातात आला होता. हात कामाला लागले की त्याची चुळबुळ थांबते, एवढं एक बरं. चिमट्याने ब्रेक बसला, क्लच बसला. आता तळ परत चिकटवायचा. पांढरा गोंद वाळायला रात्र जाते, आणि घड्याळ तर डोक्यावर बसलेलं. त्याने सुपरग्लू घेतला. हाच माणूस लॅबमधल्या सगळ्यांना सांगत असतो, की काच असेल तिथे सुपरग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिक धुरकटतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! बंद गाडीत वाफ कोंडली, आणि बसमध्ये मांडीवर डबा उघडून पाहिला तर समोरची काच आतून पांढरी पडायला लागली होती. आत हात जात नाही. पुसणार कशी? त्याने डबा बंद केला, पुन्हा उघडला. प्रत्येक स्टॉपवर काच थोडी जास्त पांढरी. दोनदा तो उतरून परत जायला उठला, आणि दोन्ही वेळा बायकोने बाही धरून खाली बसवला.

शाळेच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा जुना तक्ता, आणि जुने शिकाऊ ताईभोवती जमलेले. मालक दोन शब्द बोलले, टाळ्या झाल्या. मग कवळीवाल्याने डबा पुढे केला आणि लगेच बोलायला लागला, "ताई, ती काच जरा... म्हणजे ती वाफ असते ना, पांढरा गोंद लावायला हवा होता, पण वेळ..."

"गप रे," ताई म्हणाली.

गाडी घेऊन ती खिडकीपाशी गेली. बंपरवरून बोट फिरवून हसली. मग थेट शेजारच्या सीटच्या खिडकीला डोळा लावला आणि मोबाईलचा उजेड आत पाडला. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा जमिनीकडे पाहत होता.

"माझे पाय ठेवायला जागा केलीस," ताई म्हणाली. नाक ओढून तिने गाडी फिरवली आणि समोरच्या काचेकडे पाहिलं. "आणि हा कोण बसलाय आत? काच आतून धुरकटलीय. शिकाऊ घाबरला, धापा टाकायला लागला, की अगदी अशीच होते."

खोलीतले लोक हसले. त्यांना वाटलं, नेहमीचा किस्सा येणार. पण ताईने किस्सा सांगितला नाही. तिने खुंटीवरची जुन्या गाडीची किल्ली काढली आणि भावाच्या हातात दिली.

"चल. मागच्या मैदानात. उद्या गाडी जाईल."

"ताई, वेडी झालीस का? सगळ्यांसमोर..."

"सगळे चहा पितील. तू चल."

मागचं मैदान रिकामं होतं, सरावाचे प्लॅस्टिकचे शंकू कडेला रचून ठेवलेले. तो चालकाच्या सीटवर बसला. रेक्झिनला तोच जुना वास होता. ताई शेजारी बसली, आणि बसल्या बसल्या तिने वाकून नाड्या सोडल्या, कापडी बूट काढून मागच्या सीटवर टाकले, दोन्ही पाय वर घेतले आणि चक्क मांडी घातली. मांडीवर ती छोटी गाडी.

"ताई, पाय!" तो ओरडलाच. "पाय खाली ठेव, ब्रेक कोण दाबणार?"

"माझा ब्रेक हा इथे आहे, मांडीवर. तूच करून दिलास," ताई म्हणाली. "तुझा तुझ्या पायाखाली. चल, पहिला गिअर टाक."

त्याने किल्ली फिरवली, पहिला टाकला, क्लच सोडला. गाडीने एक गचका दिला, दुसरा दिला आणि बंद पडली. काचेवर वाफ धरायला लागली होती. त्याचा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला. ताई श्वास घे म्हणाली नाही, काच खाली कर म्हणाली नाही. समोर बघत मांडी घालून बसली होती, आणि तिचा पाय हलत नव्हता.

त्याने कडीवरचा हात काढला, काच खाली केली, आणि किल्ली पुन्हा फिरवली.