देवकीताईचा फुकटचा वकील

फुकट वकील म्हटलं की लोकांचे कान टवकारतात. मुरबाडच्या कोर्टात विधी सेवा समितीच्या टेबलाशी मी स्वयंसेविका म्हणून बसते, आणि तो सगळ्यांना मिळत नाही, हे तेच तेच सांगून माझं तोंड दुखतं. वाल्मिक आला तेव्हाही सांगितलं. वैशाखऱ्यात त्याच्या बापाचं शेत. शेजारी बंगला बांधणाऱ्या शेटनं कुंपण आत सरकवून निम्मं शेत गिळलेलं.

"दादा, तुमी कंपनीत परमनंट. तुमचं उत्पन्न मर्यादेच्या वर जातं. तुमाला नाय मिळत."

"मग मिळतं कोणाला?"

"बाईला. तिचं उत्पन्न विचारत नाहीत. आदिवासी, अपंग, कोठडीतला माणूस, त्यांचंही नाही."

तो उठून गेला, आणि पुढच्या आठवड्यात सापगावला दिलेल्या बहिणीला, देवकीताईला, घेऊन हजर. बापामागं सातबाऱ्यावर दोघांची नावं लागलेली. आमच्याकडे बहिणी माहेर तुटू नये म्हणून हक्क सोडून देतात. देवकीताईचं राहून गेलं होतं, इतकंच. माझं डोकं फिरलं, पण ती नियमात बसत होती. अर्ज घेतला.

वकीलबाई मिळाली. कोर्ट फी नाही, टायपिंगचे पैसे नाहीत. पण फुकटालाही खर्च असतो, तो कोणी देत नाही. सापगावहून शहापूर, तिथून मुरबाडची एसटी. लावणीत तारीख पडली की मजुरीचा खाडा. वाल्मिक मोटारसायकलवर यायचा, पुढची तारीख विचारून जायचा. ती पायरीवर गुडघे चोळत बसायची.

"कंटाळली गो मी," बोलायची. "मला काय करायचंय शेत? दादाचं काम, म्हणून येते."

साक्षीच्या आधी वकीलबाईनं तयारी घेतली. शेत कोणाचं विचारलं, तर ही बोलली, "दादाचं."

वाल्मिक उसळला. "अगो, 'माझं' असं बोल. नायतर केस जाईल."

मग तो दर तारखेला तिच्याकडून घोकून घ्यायचा. साक्षीच्या दिवशी ती पिंजऱ्यात उभी राहिली, शपथ घेतली आणि बोलली, "माझं. बापानं मला त्याच बांधावर चालायला शिकवलं." हे दुसरं वाक्य तिला कोणी घोकवलं नव्हतं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. कुंपण काढायचा हुकूम झाला. त्याच दिवशी व्हरांड्यात वाल्मिकनं साडीची पिशवी तिच्यापुढे धरली.

"चल, हक्कसोड करून टाकू. झालं आता काम."

देवकीताई पिशवीकडे बघत राहिली. "दादा, शपथ घेऊन बोलली ना मी, माझं म्हणून. तूच शिकवलंस. आता नाय सोडवत रे."

"मग मी पण केस टाकतो तुझ्यावर," तो बोलला आणि गेला. पिशवीही घेऊन गेला.

मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिला नाही वाटलं. एसटीला वेळ होता, म्हणून ती माझ्याजवळ येऊन बसली.

"त्यानं केस टाकली तर मला परत वकील मिळेल ना गो?"

"मिळेल."

"नि त्याला?"

"त्याला नाही."

तिनं पदर तोंडाला लावला. "मग त्याला लय खर्च येईल गो," बोलली, आणि रडायला लागली.