बंडीवरून पडली

मुका मार. हे दोन शब्द कोणाच्या तोंडून ऐकले की मले आजही ओकारी येते. डॉक्टरनं मायच्या लुगड्यावरूनच खुब्याले दोन बोटं लावली, पाय अर्धवट वाकवून पाह्यला अन् म्हणाला, मुका मार आहे, हाड शाबूत आहे. एक्स-रेवाला त्या दिवशी सुट्टीवर होता. एक इंजेक्शन, पांढऱ्या गोळ्यांची पुडी, घरी शेका म्हणून सांगणं, अन् पुढचा पेशंट. तेवढ्यात मायचा निकाल लागला.

पण डॉक्टरले शिव्या घालायच्या आधी मले स्वतःले घालाव्या लागतात, कारण केसपेपरवर खोटं मीच लिहायले लावलं होतं.

झालं असं. कापसाचे हाल होते ती वर्षं. आमच्या शिवारात अळीनं अर्धी बोंडं खाल्ली, उरल्याले भाव नाही. गावातली वेचणी पंधरा दिवसांत आटपे. मंग आमच्या वस्तीतल्या बाया जीपमध्ये कोंबून बाभुळगावकडच्या वावरांत जायच्या. माय त्याईच्यातली सगळ्यात झपाट्याची वेचणारी. बारावी झाल्यापासून मी घरीच होती, म्हणून मीही जायची. एका सकाळी नाल्याच्या वळणावर जीप कलंडली. माय मागच्या फळीवर बसली होती. ती खाली पडली अन् तिच्यावर तीन बाया. बाकीच्याईले खरचटलं. मायले उठताच येईना.

जीपवाला आमच्याच गल्लीतला. लहानपणापासून आमच्या घरी जेवलेला. तो मायच्या पायाशीच बसला अन् रडायले लागला. "काकू, पोलीस केस झाली तं जीप ठाण्यात सडंल. मंग तुम्ही वेचणीले कशा जासान?"

त्याचं खोटं नव्हतं ना. जीप गेली असती तर वीस बायांची मजुरी गेली असती, आमचीही. कोणी काही ठरवलं नाही, ठरवायची गरजच नव्हती. आमच्याकडं दवाखान्यात खरं सांगायची पद्धतच नाही. नवऱ्यानं मारलेली बाई पायरीवरून पडते अन् जीपमधून पडलेली बंडीवरून पडते. पोलिसाचं लफडं नको, एवढंच पाहतात. कारकुनानं विचारलं, कसं लागलं? साऱ्याईत शिकलेली मी. मीच पुढं झाली अन् म्हटलं, बैलबंडीवरून पडली. त्यानं लिहिलं. माहिती देणार कोण, तर मुलगी. मी झोकात सही केली. आमच्या घरी ना वावर, ना बैल, ना बंडी, अन् मी सही केली. याले म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

पुढचे तीन महिने आठवले की मले माह्या गावाची शिसारी येते. मुका मार किती दिवस दुखते? पंधरा? वीस? मायचं दुखणं थांबेना, तर बाया म्हणे नखरे करून राह्यली. आता माय बसून खुरडत खुरडत कापूस वेचे. बाया पुढं निघून जायच्या अन् ती कापसाच्या ओळीत मागं राह्यलेली दिसायची. अन् मी? मी तिले एकदा म्हटलं, माय, जराशी चालत जा, बसून बसून पाय आखडला तुहा. ती मुकाट्यानं उठली अन् विहिरीपर्यंत चालून आली. हाड मोडलेल्या पायानं. माह्या सांगण्यावरून.

शेवटी उसनवारी करून यवतमाळच्या हाडाच्या डॉक्टरकडं नेली. त्यानं एक्स-रे उजेडात धरला अन् आमच्याकडं असं पाह्यलं, जसं काही आम्हीच तिले मारलं. म्हणाला, खुब्याच्या हाडाची मान पहिल्याच दिवशी तडकली होती. तेव्हाच दोन स्क्रू टाकले असते तर भागलं असतं. आता चालून चालून हाड सरकलं, रक्त पोचलं नाही, खुब्याचा गोळा सुकला. नवा गोळा बसवावा लागेल, नाहीतर पाय असाच आखूड होत जाईल. कितीचा बसवावा लागेल तेही त्यानं सांगितलं. तो आकडा ऐकून मायनं पदर तोंडाले लावला, हसू दाबायले. तिले खरंच हसू आलं होतं.

त्या वर्षांत आमच्या गावात गाड्यांची रीघ लागे. पुढारी येत, पेपरवाले येत, अन् विचारत, इथं कोणी औषध पिलं काय? नाही म्हटलं की गाडी वळवून पुढच्या गावाले. जित्या बाईचा खुबा मोडला हे ऐकायले कोणाजवळ वेळ नव्हता. नावावर सातबारा नाही तर तुमचं दुःख कोणत्या रकान्यात लिहावं? एक जण तर मायचा फोटो काढायले बसला होता. तिचा नवरा, माहा बाप, औषध पिऊन नाही, टीबीनं गेला हे कळल्यावर त्यानं कॅमेरा पिशवीत घातला. थू अशा लोकांवर.

यवतमाळात एक वकील भेटला. म्हणाला, जीपचा विमा आहे, दावा टाकू, पैसा कंपनी देईल, जीपवाल्याच्या खिशातून दमडी जात नाही. मी ऐकतच राह्यली. म्हणजे पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर मायचा पाय वाचवायले पैसा होता, अन् जीपही दोन-चार दिवसांत सुटून आली असती. हे आम्हाले कोणी सांगितलं नाही. जीपवाल्याले तरी ठाऊक होतं काय, देव जाणे. साक्ष दे म्हणून त्याच्या घरी गेली तर तो मान खाली घालून म्हणाला, आता कोणत्या तोंडानं जीप म्हणू? बायाही फिरल्या. त्याईले रोज त्याच जीपमध्ये बसायचं होतं. त्या दिवशी जीपमध्ये असलेली शेजारची एक म्हातारी तेवढी म्हणाली, मी येतो, मले आता कोण वेचणीले नेते!

तिच्या भरवशावर दावा टाकला. दोन वर्षं तारखा झाल्या. मधल्या काळात मी नर्सिंगचा फॉर्म भरला होता.

मायच्या साक्षीच्या दिवशी आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. कंपनीचा वकील आमच्या वकिलाजवळ आला. मोठा गोड माणूस, हातात चहाचा कप. आम्हाले ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, केसपेपरवर मुलीची सही आहे, पुढच्या तारखेले मुलीलेच उभी करतो. सरकारी दवाखान्यात खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे म्हटलं. नर्सिंगचा फॉर्म भरलाय म्हणे तिनं? अन् चहाचा घोट घेतला. त्या माणसाचा चेहरा मी विसरली, चहाचा तो भुरका नाही विसरली.

आमचा वकील म्हणाला, घाबरवते तो, काही होत नाही. मले पटलं. मायले नाही पटलं, हे मले तेव्हा समजलं नाही.

आत कोर्टात माय साक्षीच्या कठड्याले धरून उभी राह्यली. कंपनीच्या वकिलानं केसपेपर वर धरला अन् विचारलं, बाई, तुमच्या मुलीनं इथं लिहून दिलं ते खरं की खोटं?

"खरं आहे," माय म्हणाली. "मी बंडीवरून पडली."

जज साहेबानं लेखणी खाली ठेवली. नीट आठवून सांगा म्हणाले, घाई नाही. माय म्हणाली, आठवते साहेब, बंडीच होती. आमच्या वकिलानं फाइल मिटली. म्हातारी मागच्या बाकावरून पुटपुटली, काय बोलून राह्यली वं हे?

बाहेर आल्यावर मी मायवर तुटून पडली. लोक थांबून पाहत होते, मले त्याची पर्वा नव्हती. मी म्हटलं, आपल्या सात पिढ्यांत कोणाजवळ बैल होता काय? दोन वर्षं मी चपला झिजवल्या, त्या काय याच्यासाठी? ती भिंतीले टेकून ऐकत राह्यली. मी दमल्यावर म्हणाली, "माहा पाय तं गेलाच हाये. तुह्यं नाव काहून घालवू?"

दावा फेटाळला. नर्सिंगले माहा नंबर लागला. पहिल्या पगारापासून मी पैसा जमवला अन् काही वर्षांनी मायले ऑपरेशनले नेली. तपासण्या झाल्या अन् डॉक्टर म्हणाला, हृदय कमजोर आहे, आता भूल सोसणार नाही. माय माह्याकडं पाहून म्हणाली, बरं झालं, तुहा पैसा वाचला. मले तिथंच तिचा असा संताप आला की मी खोलीबाहेर निघून गेली. असं कोणी कोणावर उपकार करते काय? मले विचारलं तरी होतं काय तिनं?