कलावतीने पाळलेला दुसऱ्याचा शब्द

शहागंजात मी सुनेसाठी अस्तराचं कापड बघत होते, तेव्हा कलावतीच्या धाकट्या भावाचा, दिनकरचा फोन आला. आमदार झाल्यापासून त्याचे फोन त्याचा स्वीय सहायकच करायचा, “साहेब बोलताहेत” असं सांगून. या वेळी तो स्वतःच होता. “शमीमआपा, अक्का गेली,” एवढंच म्हणाला, आणि मग बराच वेळ पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला. दुकानदार कापड फाडायला कात्री लावून थांबला होता. “चाची, कितना?” तो विचारत होता आणि मला काही केल्या आकडा सुचेना…

त्या फोनला आता महिना उलटून गेला. कलावतीवर लिहायचं तर तिच्या भावाबद्दल लिहावं लागतं आणि त्याच्याबद्दल लिहिलं की तिला आवडणार नाही, असं वाटून मी थांबले होते. नंतर लक्षात आलं, तिला उलट न लिहिलेलंच आवडलं नसतं.

आम्ही बी.एड.ला एका बाकावर होतो. मी शहरातली, तिचं घर पाचोडच्या पुढं, मेंढरं राखणाऱ्यांचं. आई गेली तेव्हा दिनकर रांगत होता. तिनं त्याला कडेवर घेऊन मेंढरांमागं चालत वाढवला, पुढं पाचोडच्या शाळेत शिक्षिका झाली तेव्हा त्याला बरोबर ठेवून शिकवलं, वकील केलं. लग्न तिनं केलं नाही. त्याबद्दल कुणी हळहळलं की तिला राग यायचा. “मी काय कुणावर उपकार केले नायत. मला तसं जगायचं व्हतं,” म्हणायची. तालुक्यातल्या निम्म्या लेकीसुना तिच्या हाताखालून गेलेल्या. निवृत्त झाल्यावर तिनं शहराच्या कडेला पडेगावला दोन खोल्या घेतल्या आणि आमचं रोजचं येणंजाणं पुन्हा सुरू झालं.

दिनकर पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा त्याच्यामागे ना कारखाना होता, ना संस्था. त्याच्याकडं होतं ते बोलणं. पाचोडच्या बाजारात भरलेल्या सभेला मी गेले होते. तो म्हणाला, “मी माझी सगळी मालमत्ता दर वर्षी या बाजारात फळ्यावर लिहीन. विधानसभेतल्या प्रत्येक सदस्याला हेच करावं लागेल, असा कायदा मी मांडीन. आणि प्रत्येक अधिवेशन संपलं की इथं येऊन सांगीन, मी सभागृहात काय बोललो आणि काय बोललो नाही.” टाळ्या पडल्या, पण त्या अशा, की ऐकणाऱ्यांनी हे आधीही ऐकलेलं होतं. मागून कुणीतरी ओरडलं, “सगळे असंच म्हनत्यात!” तेव्हा कलावती उठली. तिला भाषणासाठी बोलावलेलंच नव्हतं. माईक घेतला आणि म्हणाली, “ह्याला मी वाढवलाय. ह्यानं शब्द पाळला नाय तर ह्याला विचारू नका. मला विचारा.”

त्या सभेनंतर वारं फिरलं, असं दिनकर स्वतःच सांगायचा. तो निवडून आला. पहिल्या वर्षी खरोखर फळा लागला. बाजारात, शेळ्यामेंढ्या विकायला बसतात त्या कोपऱ्यात, निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत त्याचं घर, जमीन, गाडी सगळं लिहिलेलं. लोक आपल्या पाहुण्यांना मुद्दाम नेऊन दाखवायचे. दुसऱ्या वर्षी त्याच फळ्यावर त्याच्या वाढदिवसाचं फ्लेक्स आलं. ते उतरलं, तर सणाच्या शुभेच्छांचं लागलं. अधिवेशन संपल्यावर बाजारात येणंही एकदोनदा झालं. नंतर लग्नकार्य, बैठका, मुंबई. कलावती म्हणायची, “कामं असत्यात गं. त्याचं विधेयक येऊ दे, मग बघ.”

विधेयकाची तारीख ठरली ती नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात. शुक्रवारी दुपारी अशासकीय विधेयकं घेतात, म्हणजे सरकारनं नव्हे, एखाद्या सदस्यानं स्वतःहून आणलेली. दिनकरनंच प्रेक्षक गॅलरीचे पास पाठवले होते. कलावती मला घेऊन गेली. इरकल नेसली होती, कडक इस्त्रीची. बसमध्ये ती सारखी पदर सारखा करत होती, जणू बोलायला तिलाच उभं राहायचंय. गॅलरीत जाताना हातातलं सगळं बाहेर ठेवून घेतात. तिथला शिपाई आम्हाला म्हणाला, मान खाली वाकवून बघायचं नाही. पण ती वाकलीच. खाली अर्धी बाकं रिकामी होती.

दिनकरचं नाव पुकारलं गेलं. तो उठला. “अध्यक्ष महाराज, मी हे विधेयक मांडू इच्छित नाही,” म्हणाला आणि खाली बसला. पुढचं नाव पुकारलं गेलं. मला वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं. शेजारी बघितलं तर कलावतीचा हात कठड्यावर तसाच होता. दिनकरनं एकदा वर पाहिलं. मग तो समोरचे कागद चाळत राहिला.

बाहेर पोर्चमध्ये तो घाईघाईनं आला. “अक्का, एकही मत पडलं नसतं. सगळ्यांना अंगावर घेऊन काय मिळालं असतं? आता मला समितीचं अध्यक्षपद देतायत. आतून करता येईल हे. तुला नाही कळायचं.”

“कळलं मला,” ती म्हणाली. “पाचोडला कोण सांगनार? तू का मी?”

“सांगायचंय कशाला? कुणी विचारणारसुद्धा नाही.”

“मग मी सांगते.”

त्याला वाटलं, ती रागात बोलली. मलाही तसंच वाटलं. परतीच्या वाटेवर तिनं डबा उघडून मला धपाटा दिला, स्वतः खाल्ला नाही आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढच्या बाजाराला तिनं सकाळीच मध्यवर्ती बसस्थानकावरून बीडची बस पकडली. पाचोडला उतरून त्या फळ्याखाली गोणपाट अंथरलं आणि बसली. येईल त्याला सांगायला लागली, विधेयक मांडायचं होतं, मांडलं नाही, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. लोकांना आधी गंमत वाटली. काहींना वाटलं, बहीणभावात वाटणीवरून बिनसलंय. मी एकदा सोबत गेले होते तेव्हा एका म्हाताऱ्यानं अगदी सरळ विचारलं, “बाई, तुमाला हिस्सा दिला नाय का त्यानं?” ती हसली. “हिस्सा तुमचा व्हता, मामा,” म्हणाली.

ती दर बाजाराला जाऊ लागली. अधिवेशन असेल तेव्हा सभागृहाचं कामकाज मोबाईलवर बघायची, दिनकर कशावर बोलला, कशावर गप्प राहिला, मत कुठं दिलं, ते तिथं सांगायची. चांगलं केलेलंही सांगायची. तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहाचा प्रश्न त्यानं लावून धरला होता. ते सांगताना तिचा चेहरा असा उजळायचा, की ही भांडायला बसलीय असं कुणी म्हटलं नसतं. काही माहीत नसलं तर “माहीत नाय” म्हणायची. विरोधी पक्षाचे लोक आले, आमच्या व्यासपीठावर या म्हणाले. “येते की. तुमच्या मान्साची मालमत्ता ह्या फळ्यावर लिहा, मग येते,” म्हणाली. ते पुन्हा फिरकले नाहीत. दिनकरचे कार्यकर्ते आले, अक्का, घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला, म्हणाले. “घरात तो लई चांगला भाऊ हाय. घरातलं मी बोलतच नाय,” ती म्हणाली.

आणि ते खरं होतं. राखीपौर्णिमेला ती त्याच्या बंगल्यावर जायची, तो दिवाळीला पडेगावला यायचा. तिच्या हातचे कानवले बोटं चाटून खायचा. बाजाराचा विषय दोघंही काढत नसत. फक्त पुतणीच्या लग्नात काय झालं ते मी पाहिलं. मोठे नेते येणार होते. अक्का मध्येच काही बोलेल या भीतीनं कुणीतरी तिला आतल्या खोलीत, रुखवताजवळ बसवलं. जिनं नवरीच्या बापाला कडेवर वाढवलं ती अक्षता टाकायलाही मांडवात आली नाही. मी रागावले तर म्हणाली, “जाऊ दे गं शमे. आतून मंगलाष्टकं ऐकू येत व्हती.” पण त्या दिवशी पहिल्यांदा मला ती म्हातारी दिसली.

दिनकर दुसऱ्यांदाही निवडून आला, आधीपेक्षा जास्त मतांनी. त्याबद्दल ती फार काही बोलली नाही. गुलाल घेऊन आला तेव्हा तिनं त्याला ओवाळलं आणि पुढच्या बाजाराला गोणपाट घेऊन निघाली.

शेवटी हृदयानं दगा दिला. दिनकरनं तिला शहरातल्या चांगल्या दवाखान्यात ठेवलं, सगळी कामं सोडून तो संध्याकाळी तिच्या पायाशी बसायचा. एकदा मी आत होते तेव्हा त्यानं विचारलं, “अक्का, तू माझ्यावर रागावलीस ना?” ती म्हणाली, “राग असता तर म्या लोकास्नी सांगितलं असतं, की तो माझा कुनी नाय. सुटले असते की…” तो उठून खिडकीपाशी गेला.

शोकसभा पाचोडला, बाजाराच्या मैदानावर झाली. मोठा मंडप, मोठं फ्लेक्स, त्यावर कलावतीचा फोटो आणि खाली ‘पारदर्शकतेचा दीपस्तंभ’. दिनकर बोलायला उठला. तिच्या नावानं गावाला कमान बांधू म्हणाला. त्याचं बोलणं नेहमीसारखंच सुरेख होतं. तेवढ्यात बायकांमधून धोंडाबाई उठल्या. या तिकडच्या वाडीवरच्या, मेंढरं राखणाऱ्या. कलावतीच्या जवळ दर बाजाराला येऊन बसायच्या. त्या म्हणाल्या, “कमान ऱ्हाऊ दे. ती सांगायची की कुनीतरी सांगाया पायजे. आता ती नाय. तर तूच सांग, तू का नाय मांडलं?”

एक कार्यकर्ता त्यांना बसवायला पुढं झाला, तर दिनकरनं त्याला हातानं थांबवलं. माईकमधून त्याचा श्वास ऐकू येत होता, फोनवर आला होता तसाच. मग तो म्हणाला, “मला पद पाहिजे होतं.” एवढंच. आणि माईक ठेवून मंचावरून उतरला. मी रडले. कलावती गेल्यावर इतकी रडले नव्हते.

दोन दिवसांनी त्याच्या कार्यालयाचा खुलासा आला. शोकाच्या भरात केलेल्या विधानाचा विपर्यास केला गेला, विधेयक तांत्रिक कारणांमुळं मांडता आलं नाही… असं बरंच. मी फोन केला. साहेब बैठकीत आहेत, असं सहायकानं सांगितलं.

परवा मी पाचोडला गेले. कशासाठी, हे मलाही नीट सांगता आलं नसतं. फळ्यावर शोकसभेचंच फ्लेक्स अजून होतं. खाली धोंडाबाई आणि चारपाच जणी बसल्या होत्या. कुणी कोकरू विकायला आलेलं, कुणी नुसतंच. मला बघून धोंडाबाई म्हणाल्या, “त्यानं काय खुलासा काढलाय म्हनं. आमाला कोन वाचून दावनार?”

मी पर्समधून मोबाईल काढला, चष्मा लावला आणि उन्हाला पाठ करून उभ्याउभ्याच वाचायला लागले. दोन ओळी झाल्या असतील. धोंडाबाईंनी माझा पदर धरून खाली ओढला.

“बसून सांग, बाई,” त्या म्हणाल्या. “हुबं ऱ्हाऊन सांगनारे लई पायले.”

त्यांनी सरकून जागा केली. मी बसले.