मिलवाल्या भाऊंचा जपानी सीडी प्लेअर

“थांबा जी गुरुजी, अजून ते तापून राहिलं.”

तिरोड्यात आमच्या मिलवाल्या भाऊंच्या ओसरीवर ज्यांनी एकदा तरी बूड टेकलं असेल, त्यांना हे वाक्य पाठ असणार. तापत असायचा तो चहा नव्हे, आंघोळीचं पाणीही नव्हे, सीडी प्लेअर. जपानी, काळा, दोन्ही हातांनी उचलावा लागेल इतका जड. भाऊंच्या मेव्हण्याने आखातातून परत येताना आणलेला. बराच वेळ चालू ठेवल्याशिवाय त्याचा आवाज खुलत नाही, ही भाऊंची ठाम समजूत. भारनियमनाच्या त्या वर्षांत तो तापेपर्यंत लाइट जायची. आम्ही गाणं ऐकायला जायचो आणि बरेचदा नुसतं तापणं बघून घरी यायचो.

मी त्यांच्या शेजारी भाड्याने राहणारा शाळामास्तर. शाळेतून आल्यावर कुणाशी बोलायची ताकद माझ्यातही उरलेली नसायची, म्हणूनच कदाचित आमचं जमलं. भाऊ त्यांच्या तांदळाच्या मिलमधून यायचे ते भुवयांपर्यंत कोंड्याने माखलेले. हातपाय धुण्याआधी बटन दाबायचे. “दिवसभर मिल आयकतो जी. कान धुवा लागते,” म्हणायचे.

कान धुण्याचे नियम होते. बोलणं बंद, पंखाही बंद, मे महिन्यातसुद्धा. बटन दाबलं की कप्पा जराही न खडखडता सावकाश बाहेर यायचा, आणि त्यात सीडी ठेवताना भाऊ श्वास रोखायचे. मग बासरी सुरू व्हायची. सदरा घामाने पाठीला चिकटायचा. पण खरं सांगतो, वाजवणाऱ्याने दोन सुरांमध्ये घेतलेला दमही ऐकू यायचा. पुढे मोबाइल आले, बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये शेकडो गाणी मावू लागली. पोरं विचारायची, “भाऊ, हे धूड कायले ठेवून राहिले?” भाऊ नुसता तो कप्पा उघडून दाखवायचे.

त्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या वहिनी, पोवारी बोलीत लग्नाची गाणी म्हणायच्या. हळद असो की मांडव, बाया त्यांना हक्काने बोलवायच्या. भाऊ तेव्हा बाहेर पुरुषांत बसलेले असायचे. घरी भाजी चिरताना वहिनी गुणगुणल्या की ओसरीवरून हाक यायची, “आवाज कमी कर वं, बासरी लागली!” वहिनी गप्प व्हायच्या. मला भाऊंचा राग यायचा.

मग वहिनींच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढावं लागेल असं सांगितलं. ऑपरेशनला जाण्याआधी वहिनींनी लेकीसमोर बसून, आठवतील तेवढी गाणी मोबाइलवर म्हणून ठेवली. बाबा दुसऱ्या कशावर ऐकत नाहीत, म्हणून लेकीने गोंदियातल्या एका दुकानातून त्यांची सीडी करून आणली.

ऑपरेशन झालं. वहिनी घरी आल्या, गळ्याभोवती पांढरं फडकं, बोलणं कायमचं गेलेलं. भाऊंनी ती सीडी कप्प्यात ठेवली. यंत्राने ती आत घेतली, थोडी फिरवली आणि परत बाहेर दिली.

“तापलं नसंल,” भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तापवलं. तरी तेच. दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, “अंकल, पुरानी मशीन है, कंपनी की सीडी ही पढ़ेगी. बनाई हुई नहीं पढ़ेगी.” भाऊंना ते पटेना. ते प्लेअर बंदच करेनात. मिलमधून आले की सीडी आत, सीडी बाहेर. लेक रडकुंडीला आली. “बाबा, मोबाइलवर हाय ना. आयका ना एकदा.”

“त्या डबड्यात तिचा आवाज मी नाही आयकत,” भाऊ म्हणाले. “आयकीन त चांगला आयकीन.”

वहिनी दारात उभ्या राहून हे रोज बघायच्या. नवऱ्याने एकदा आपल्याला ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं. चेहऱ्यावर थकवा होता, आणि तो दुखण्याचा नव्हता. आम्हीही थकलो होतो. तिथे बसवत नसे आणि उठून जाववतही नसे.

एका संध्याकाळी भाऊ पुन्हा सीडी पुसत असताना वहिनी आल्या. त्यांनी सीडी काढून घेतली, लेकीचा मोबाइल भाऊंच्या हातात दिला आणि स्वतःच बटन दाबलं.

हळदीचं गाणं लागलं. बारीक, चिरका आवाज. वर पंखा घरघरत होता, रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. भाऊंनी तोंड वाकडं केलं, मग मोबाइल कानाला लावला आणि मान खाली घातली. बऱ्याच वेळाने त्यांनी वर पाहिलं. वहिनींचे ओठ हलत होते. गाण्यातला शब्द न् शब्द त्या म्हणत होत्या.

भाऊंनी मोबाइल बंद केला. वहिनी थबकल्या, सवयीने गप्प झाल्या.

“म्हण वं,” भाऊ म्हणाले. “आयकतो मी.”

त्यांनी पाट ओढून वहिनींच्या अगदी पुढ्यात घेतला आणि गाणं संपेपर्यंत त्यांच्या ओठांवरची नजर हलवली नाही.