"रिझर्व कोणासाठी ठेवला वं?"

ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार. विमलताई, गुडघा कसा आहे? सुधाकरभाऊ, शुगर उतरली का?

आज शेजारच्या माधुरीसोबत सदर भागातल्या वंध्यत्वाच्या दवाखान्यात गेले होते; तिचा नवराही होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वय एकोणचाळीस, अंड्यांचा रिझर्व कमी. उपचाराला यश कठीण आहे, पण आता उशीर नको."

बाहेर येताच नवऱ्यानं तिचा गळा धरला. "रिझर्व? कोणासाठी राखून ठेवला वं?" अन् तिचं डोकं भिंतीवर आपटलं. रक्ताची धारच लागली.

मी स्टीलची बाटली त्याच्या मनगटावर हाणली. "अक्कल गहाण टाकली का गा? रिझर्व म्हणजे शिल्लक! बाई तो जन्मताच घेऊन येते, वयासोबत सरत जातो. 'पोरगं नंतर पाहू' कोण म्हणत होतं?"

टाके पडले. माधुरी माझ्याकडेच आहे. मघाशी म्हणाली, "काकू, त्याले सोडलं तर मले मूल कधी होईन? वय थांबते का?"

तिला चहा देऊन हे लिहायला बसले. तुम्ही काय सांगितलं असतं? लवकर लिहा, ती जागीच आहे.